चौतिसाव्या मजल्यावरचा फोर्क

आधी हवा सोडायची.
टोपण काढून वाल्वची पिन दाबली
तर असा सुस्कारा टाकला त्यानं
की आतून शैला म्हणाली, "कुकर कुणी लावला?"

रात्रीचे साडेदहा. भांडुपच्या टेकडीवरची खोली.
मोरीत जुना पेपर, पेपरवर तिची परात,
परातीचं तिला अजून सांगितलेलं नाही.
पाच नंबरची ॲलन की, रबरी हातोडा,
आणि सिरिंज. "सुई नको," म्हटल्यावर
केमिस्टनं चष्म्यावरून बघितलं होतं.

मी लिफ्टचा माणूस. एकोणीस वर्षं
लोकांना धक्का न देता वर न्यायचं
आणि धक्का न देता खाली आणायचं.
पवईच्या टॉवरमधला अरझान, चौतिसावा मजला,
कॅनडाला जाताना कुलपाची किल्ली माझ्या हातावर ठेवून म्हणाला,
"काका, सायकल तुम्हाला. फोर्क जरा कडक आहे,
महागाचे असेच असतात."
मी मान हलवली. महागाचं मला काय ठाऊक.

खालचे बोल्ट तीन-चार आटे सैल केले,
त्यांच्या डोक्यावर हातोडा, बाळाला ढेकर यावी म्हणून
पाठीवर थोपटतात तेवढाच.
खालचे पाय सुटले, ओला मोजा उतरावा तसे
सरकत सरकत हातात आले.

काळं तेल येईल, चिखल येईल,
कुठल्यातरी डोंगराची माती येईल
म्हणून परात धरून बसलो.

एक थेंब आला.
तोही येऊ की नको करत.

फोमची रिंग चिमटीत दाबून पाहिली.
पांढरी, कोरी, खारीसारखी कोरडी.
कारखान्यातच कुणीतरी पाळी संपायच्या घाईत
तेल घालायचं विसरला असणार.
आणि हा पाच वर्षं बाल्कनीत उभा,
तलावाकडे तोंड करून, चकचकीत,
आणि आपण म्हणतोय, स्वभावच कडक.

मला आमचे सुपरवायझर आठवले.
मग शैलाचा थोरला भाऊ.
मग विषय सोडला आणि फोमला तेल पाजलं.
प्यायला म्हणजे किती प्यायला.

नवी सीलं बसवायला प्लंबरकडचा पाइपाचा तुकडा,
बरोबर मापाचा. त्याला हे कळलं असतं
तर पैसे घेतले असते.

उजव्या नळीवर ओरखडा होता, नखाला लागेल इतका.
रेवतीकडे बिनरंगाची नेलपॉलिश मागितली.
तिनं काही विचारलं नाही, शेजारी येऊन उकिडवी बसली,
जीभ दातांत धरून स्वतःच ब्रश फिरवला.
मी वाकलो तशी म्हणाली,
"पप्पा, फुंकू नका. बुडबुडे येतात."
एवढ्या वर्षांत हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

तास गेला सुकण्यात. मग बारीक पॉलिश पेपर,
मग पाय परत चढवले, फोर्क उलटा धरला,
दहा मिली इकडे, दहा तिकडे,
बोल्ट कसले, पंपानं हवा भरली.
चाक घालून बोळात उभा केला, पुढचा ब्रेक दाबला
आणि छातीचा सगळा भार त्याच्यावर टाकला.

खाली गेला.
जरा थांबला.
आणि असा वर आला
जसा आमचा डबा प्रत्येक मजल्यावर यायला पाहिजे
आणि दहात चारदा येतो.

रेवती एकदा दाबून झोपायला गेली. शैला तीनदा.
जाता जाता तिनं परात ओळखली.

पावणेएक. पेपर गोळा करताना
घडीतून घरंगळला एक वॉशर.
चिमुकला. नवा.
दोन आणले होते.

आमच्या धंद्यात उरलेला वॉशर खिशात टाकून
घरी गेलेली माणसं असतात.
त्यांच्या लिफ्टमध्ये मी चढत नाही.

पिन दाबली. परत तोच सुस्कारा.
"आता काय?" अंधारातून शैला.
"काही नाही," म्हटलं, "झोप तू.
परात तेवढी सकाळपर्यंत राहू दे."